कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी कसा शोधायचा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत एखादा शिलालेख सापडतो. घरच्या पेटीत पणजोबांच्या पणजोबांचा 'सुभेदार' असा उल्लेख असलेला कागद निघतो. तालुक्याचा इतिहास लिहिताना 'कॅप्टन अमुक साहेब कलेक्टर होऊन आले' असं एक वाक्य भेटतं आणि पुढे काहीच सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण नाव इंटरनेटवर टाकतात, त्या नावाचे दहा साहेब समोर येतात आणि शोध तिथेच थांबतो.

ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापारी मंडळी, पण कागद ठेवण्यात अत्यंत काटेकोर. कोणाची नेमणूक कोणाच्या शिफारशीने झाली, तो बोटीतून कधी उतरला, कोणत्या पलटणीत गेला, कधी वारला, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. मात्र हे कागद एका ठरावीक क्रमानेच उलगडतात. तो क्रम मी पुढे सांगतो. बरीच उदाहरणं मुंबई इलाख्यातली घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या वाचकाला बहुधा तिथलाच माणूस शोधायचा असतो.

पायरी १ : राजाचा की कंपनीचा?

सगळ्यात आधी हे ठरवा. यात चूक झाली तर पुढचे सहा महिने फुकट जातात.

हिंदुस्थानात एकाच वेळी दोन गोऱ्या सत्तांच्या फौजा होत्या. एक इंग्लंडच्या राजाची, जिच्या पलटणी काही वर्षांसाठी इकडे यायच्या आणि परत जायच्या. दुसरी कंपनीची स्वतःची, जिचे अधिकारी जन्मभर इथेच नोकरी करायचे. राजाच्या पायदळात आणि घोडदळात हुद्दे पैसे मोजून विकत घेता येत. ती पद्धत १८७१ पर्यंत चालली. कंपनीच्या फौजेत तसा हुद्दा विकत मिळत नसे. साहजिकच दोघांचे कागद वेगळे, याद्या वेगळ्या, ठेवण्याच्या जागाही वेगळ्या.

शिरूरचं उदाहरण घ्या. १८०९ मध्ये तिथे वारलेले कर्नल विल्यम वॉलेस यांची समाधी आहे आणि आसपासचे लोक त्यांना 'सतपुरुष' म्हणून मानत आले आहेत. वॉलेस पुण्याच्या तैनाती फौजेचे प्रमुख होते, म्हणून नवखा माणूस त्यांना कंपनीच्या यादीत शोधायला जातो. पण ते होते राजाच्या ७४व्या पलटणीचे. म्हणजे ज्या फौजेवर हुकूम चालवला ती कंपनीची, आणि नोकरी राजाची.

ओळखायची खूण सोपी आहे. पलटणीच्या नावाआधी 'हिज मॅजेस्टीज' किंवा 'हर मॅजेस्टीज' असेल तर माणूस राजाचा. 'नेटिव्ह इन्फंट्री', 'बॉम्बे युरोपियन रेजिमेंट', 'बॉम्बे आर्टिलरी' असं काही असेल तर कंपनीचा.

एक तिसरा प्रकारही ध्यानात ठेवा. संस्थानिकांच्या किंवा पेशव्यांच्या पगारावर उभ्या केलेल्या कवायती फौजा असत आणि त्यांवर कंपनीचे अधिकारी 'उसने' दिलेले असत. १८१७ मध्ये दापोडीला असलेली मेजर फोर्ड यांची ब्रिगेड अशीच होती. अशा माणसाची मूळ नेमणूक कंपनीच्याच यादीत सापडते, पण त्याच्या ब्रिगेडचं नाव त्या यादीत शोधून उपयोग नसतो.

पायरी २ : कोणता इलाखा?

कंपनीची एक फौज नव्हती, तीन होत्या : बंगाल, मद्रास आणि मुंबई. प्रत्येकीचा सरसेनापती वेगळा, ज्येष्ठता यादी वेगळी, कागदही वेगळे. एकदा मुंबई इलाख्यात नेमलेला तरुण साधारणपणे शेवटपर्यंत मुंबईचाच राहायचा.

माणूस कुठे लढला किंवा कुठे वारला यावरून इलाखा ठरवू नका. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन यांच्या हाताखालचं पायदळ मुंबई इलाख्याचं होतं, पण दोन तोफा आणि त्यांवरचे गोलंदाज मद्रासचे. त्या दिवशी मारले गेलेले लेफ्टनंट चिझम हे मद्रास तोफखान्याचे. त्यांना मुंबईच्या यादीत कितीही शोधलं तरी ते मिळणार नाहीत. खानदेशात पेशवाईनंतर पोलिटिकल एजंट म्हणून आलेले कॅप्टन जॉन ब्रिग्ज मद्रासचे. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले जॉन माल्कमसुद्धा मुळात मद्रासचेच कॅडेट.

पायरी ३ : नाव त्या काळात कसं लिहिलं जायचं?

मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ आपल्याला शाळेपासून माहीत असतो. मी पहिल्यांदा त्यांची नेमणूक शोधली तेव्हा 'डफ' या नावाखाली बराच वेळ घालवला आणि हाती काही लागलं नाही. साताऱ्याला असताना ते नुसते कॅप्टन जेम्स ग्रँट होते. २५ सप्टेंबर १८१९ च्या साताऱ्याच्या तहावरही तेच नाव आहे. 'डफ' हे नाव नंतर, आईकडची इस्टेट मिळाल्यावर जोडलं गेलं. लग्न, वारसा, पदवी अशा कारणांनी ही नावं बदलतात. म्हणून आज प्रसिद्ध असलेलं नाव आणि नेमणुकीच्या दिवशीचं नाव एकच असेल असं धरून चालू नका.

देशी नावांचा विषय याहून अवघड आहे, तो पुढे येईल.

पायरी ४ : कॅडेट म्हणून प्रवेश, म्हणजे सगळ्याचं मूळ

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते.

कंपनीचा कारभार लंडनहून २४ डायरेक्टर बघायचे. फौजेत अधिकारी होण्याची वाट त्यांच्या वशिल्यातून जायची. दरवर्षी किती कॅडेट हवेत ते ठरलं की त्या जागांचे २८ वाटे व्हायचे. प्रत्येक डायरेक्टरला एक वाटा, अध्यक्ष आणि उपाध्यक्षांना दुप्पट, आणि दोन वाटे कंपनीवर देखरेख करणाऱ्या सरकारी बोर्डाच्या अध्यक्षांना. ज्याच्या वाट्याची जागा तो आपल्या ओळखीतल्या, नात्यातल्या, किंवा मित्राने नाव सुचवलेल्या मुलाला ती द्यायचा. या जागा विकायला बंदी होती, तरी विक्री चालायची. १८०९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने याची चौकशी केली तेव्हा ते उघडकीला आलं. म्हणूनच नेमणुकीच्या फॉर्मवर 'या जागेसाठी पैसे घेतलेले नाहीत' अशी हमी लिहून घेतली जायची.

या फॉर्मसकट जो जुडगा तयार व्हायचा त्याला 'कॅडेट पेपर्स' म्हणतात. १७८९ ते १८६० पर्यंतचे हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, 'एल/मिल/९' या खुणेखाली आहेत. त्यात साधारणपणे मुलाचा अर्ज, बाप्तिस्म्याचा किंवा जन्माचा दाखला, शिक्षणाची माहिती, कोणत्या डायरेक्टरने नेमलं आणि 'कोणाच्या शिफारशीने' असे तपशील मिळतात. यातली शिफारशीची ओळ सगळ्यात आधी वाचा. त्या एका नावावरून घरची परिस्थिती, ओळखीपाळखी, पुढे त्याला चांगल्या जागा का मिळाल्या किंवा का मिळाल्या नाहीत, याचा धागा हाती लागतो.

वयाकडेही बघा. साधारण १६ ते २२ हे वय चालायचं. ग्रँट १७८९ चे, कॅडेट झाले १८०५ मध्ये. मराठी कोशकार मोल्सवर्थ १७९५ चे, इथे आले १८१२ मध्ये. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारे जेम्स औट्रम १८०३ चे, मुंबईला उतरले १८१९ मध्ये. तिघेही साधारण सोळा वर्षांचे! दहावी झालेल्या मुलाच्या वयाची ही पोरं चार-सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून यायची आणि वर्षभरात शिपायांच्या तुकडीवर हुकूम सोडायला लागायची. त्यांनी पुढे काय केलं ते वाचताना हे वय मनात ठेवा. त्याआधीच्या काळात तर याहून लहान मुलंही घेतली जात. माल्कम बारा वर्षांचे असताना त्यांची निवड झाली. मुलाखतीत विचारलं, "हैदरअली समोर आला तर काय करशील?" त्यावर हे म्हणाले, "तलवार काढून त्याचं डोकं उडवीन." आणि डायरेक्टरांनी त्यांना पास केलं, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगतात.

प्रवेशाचे दोन रस्ते होते, तेही तपासा. लंडनजवळच्या ॲडिसकोम येथे १८०९ पासून कंपनीची लष्करी शाळा होती. इंजिनिअर आणि तोफखान्याचे कॅडेट तिथून परीक्षा देऊन निघायचे. वरचे नंबर इंजिनिअर, त्याखालचे तोफखाना, उरलेले पायदळ. दुसरा रस्ता 'थेट' नेमणुकीचा, शाळेशिवाय, तो पायदळ आणि घोडदळासाठी. तुमचा माणूस इंजिनिअर असेल आणि १८०९ नंतरचा असेल तर ॲडिसकोमच्या नोंदींकडे आधी वळा.

हे कागद पाहायला लंडनला जायलाच हवं असं नाही. 'फाइंड माय पास्ट' या संकेतस्थळावर इंडिया ऑफिसच्या बऱ्याच नोंदी स्कॅन करून ठेवल्या आहेत (पैसे भरावे लागतात). ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांसाठी असलेल्या 'फिबिस' या संस्थेच्या संकेतस्थळावर नावांची सूची फुकट शोधता येते. आधी फिबिसवर पाहा, काही सापडलं तरच पैसे खर्च करा.

पायरी ५ : तारखा वेगवेगळ्या करा

'नेमणुकीची तारीख' अशी एकच तारीख नसते. एका कागदावर, वहीच्या एका पानावर, खाली खाली या तारखा लिहा :

- कॅडेटचा 'सीझन', म्हणजे ज्या वर्षाच्या भरतीत तो धरला गेला ते वर्ष
- पहिल्या हुद्द्याची तारीख : पायदळात एन्साइन, घोडदळात कॉर्नेट, तोफखाना व इंजिनिअरमध्ये सेकंड लेफ्टनंट
- मुंबईला उतरल्याची तारीख
- पलटणीत रुजू झाल्याची तारीख
- पुढच्या प्रत्येक बढतीची तारीख

पहिल्या दोन आणि तिसऱ्यात कित्येकदा बरंच अंतर असतं, आणि हुद्द्याची तारीख मागाहून, मागच्या दिवसापासून लागू करून दिली जायची. त्यामुळे एका पुस्तकात १८१९ आणि दुसऱ्यात १८२० दिसलं म्हणून लगेच कोणालाही चुकीचं ठरवू नका. दोघेही वेगवेगळ्या तारखा देत असतील.

बढतीचा हिशेब समजून घेतला की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. मेजरपर्यंतची बढती पलटणीतल्या पलटणीत, ज्येष्ठतेने व्हायची. वरचा कॅप्टन वारला, निवृत्त झाला किंवा बढतीने वर गेला की खालचा पहिला लेफ्टनंट कॅप्टन. त्यामुळे ज्या पलटणीत कॉलरा झाला किंवा लढाईत अधिकारी पडले, तिथले तरुण भराभर वर चढले, आणि ज्या पलटणीत सगळे ठणठणीत राहिले तिथे पंचविशीत आलेला लेफ्टनंट चाळिशीतही लेफ्टनंटच राहिला. वरच्याने लवकर निवृत्त व्हावं म्हणून खालचे अधिकारी आपसांत वर्गणी काढून त्याला रक्कम द्यायचे. ही पद्धत सर्रास चालायची. लेफ्टनंट कर्नलपासून पुढे मात्र सगळ्या इलाख्याची मिळून एक यादी असायची.

एक शब्द नवख्यांना फार अडवतो : 'ब्रेव्हेट'. पंधरा वर्षं खालच्या हुद्द्यावर घालवलेल्या लेफ्टनंटला 'ब्रेव्हेट कॅप्टन' म्हणत. मान कॅप्टनचा, पण पलटणीतली जागा लेफ्टनंटचीच. म्हणून शिलालेखावर 'कॅप्टन' आणि यादीत त्याच वर्षी 'लेफ्टनंट' दिसलं तर गोंधळू नका.

या तारखांसाठी छापील साधन म्हणून डॉडवेल आणि माइल्स यांची १८३८ ची अधिकाऱ्यांची यादी घ्या. १७६० पासूनचे अधिकारी तीन इलाख्यांनुसार, अक्षरक्रमाने, हुद्द्यांच्या तारखांसह एकेका ओळीत दिले आहेत. तिचं स्कॅन इंटरनेटवर मिळतं. त्यानंतर १८१६ ते १८४५ या काळात लंडनहून निघणारं 'एशियाटिक जर्नल' चाळा. त्यात मुंबईच्या बातम्यांखाली बढत्या, बदल्या, रजा, जन्म, लग्न, मृत्यू असं सगळं महिन्यामहिन्याला येतं. तुमच्या माणसाचं नाव दोन-तीन ठिकाणी सापडलं की तो डोळ्यांसमोर उभा राहायला लागतो.

पायरी ६ : पलटणीचा आकडा कोणत्या वर्षाचा?

१८२४ मध्ये पलटणींचे आकडे बदलले. त्याआधी एका रेजिमेंटच्या दोन बटालियन असत. त्या वर्षी त्या वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतंत्र आकडा दिला. कोरेगावला लढलेली 'पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन' ही १८२४ नंतर 'दुसरी रेजिमेंट' झाली. आकडा लिहिताना सोबत वर्ष लिहायची सवय लावून घ्या.

पायरी ७ : पलटणीत नाव आहे, पण माणूस तिथे नाही

पलटणीच्या यादीत वीस-बावीस गोरे अधिकारी दिसतात, पण प्रत्यक्षात हजर निम्मेच. बाकीचे 'स्टाफवर', म्हणजे पोलिटिकल खात्यात, जमीनमोजणीत, कमिसरीत (रसदपुरवठा खात्यात), रजेवर. पेशवाई बुडाल्यावर कंपनीचे कमिशनर एल्फिन्स्टन यांनी नवा मुलूख ज्यांच्या हाती दिला ते पाहा. पुण्याला कॅप्टन रॉबर्टसन, नगरला कॅप्टन पॉटिंजर, खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज, साताऱ्याला कॅप्टन ग्रँट. चौघेही लष्करी अधिकारी. यांची बढती चालायची पलटणीच्या यादीत, आणि काम मात्र वसुलीचं, न्यायाचं, राज्य बसवण्याचं. अशा माणसाचे कागद लष्करी खात्यात शोधून पुरत नाही. पोलिटिकल आणि महसूल खात्यांची दप्तरंही बघावी लागतात. ती मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, काळाघोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, आणि पेशवाईनंतरच्या बऱ्याच गोष्टी पुण्याच्या पेशवे दप्तरात.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. पलटणीत दुभाष्याची जागा असायची आणि ती मिळवायला हिंदुस्थानी किंवा मराठीची परीक्षा द्यावी लागे. वर भत्ता मिळे. त्यामुळे बरेच तरुण अधिकारी आल्याआल्या मुन्शी ठेवून अभ्यासाला बसायचे. आपल्या भाषेला मोल्सवर्थ आणि कोशाच्या कामातले त्यांचे सहकारी थॉमस कँडी मिळाले ते याच फौजेतून. यादीत नावापुढे दुभाष्याची नेमणूक दिसली तर ती बारकाईने वाचा, कारण मराठी कागदांत तो माणूस सापडण्याची शक्यता तिथून वाढते.

पायरी ८ : सुभेदार आणि जमादार

खरं तर मला सगळ्यात जास्त तळमळ या पायरीची आहे.

काळ्या पलटणीत अधिकारी फक्त गोरे नव्हते. शिपाई, नाईक, हवालदार असा चढत चढत माणूस जमादार आणि मग सुभेदार व्हायचा. पुढे सुभेदार मेजर हाही हुद्दा आला. तीस-तीस वर्षांची नोकरी झालेला सुभेदार काल आलेल्या सोळा वर्षांच्या एन्साइनच्या हुकुमाखाली असायचा. गोऱ्या पोराच्या बाप्तिस्म्याचा दाखला लंडनमध्ये जपून ठेवलाय, आणि सुभेदाराचं गाव कोणतं ते कळायला आपल्याला दगडावरची अक्षरं चाचपावी लागतात. म्हणून हे काम आपल्यालाच करायला हवं.

कुठून सुरुवात करायची? आधी इंग्रजी लिपीत नाव कसं पडलं असेल त्याचा विचार करा. कोरेगावच्या स्तंभावर बऱ्याच नावांच्या शेवटी रोमन लिपीत 'एन-ए-सी' दिसतं. ते आपलं 'नाक' आहे, महार शिपायांच्या नावातलं. हे माहीत नसेल तर डोळ्यांसमोरची नावंही वाचता येत नाहीत. काही वेळा एकाच माणसाची दोन पूर्ण वेगळी नावं असतात. मुंबईतलं १७९६ चं बेने इस्राएली (कोकणातल्या ज्यू समाजाचं) प्रार्थनामंदिर बांधणारे कंपनीच्या पलटणीतले देशी अधिकारी इंग्रजी नोंदींत सॅम्युअल इझीकिएल आहेत, आणि मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. ते टिपूच्या कैदेतून सुटून आलेले.

मग पदव्या आणि पदकं बघा. १८३७ मध्ये देशी अधिकाऱ्यांसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर', दुसऱ्याला 'बहादूर'. तेव्हा घरच्या कागदात 'सुभेदार अमुक बहादूर' असं असेल तर ते नुसतं कौतुक नसून हा किताब असण्याची शक्यता आहे, आणि मग तो कागद १८३७ नंतरचा. 'आर्मी ऑफ इंडिया' पदक १८५१ मध्ये, १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी, त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळालं. त्यावर आसई, खडकी, कोरेगाव अशा पट्ट्या असतात आणि कडेवर नाव व पलटण उमटवलेली असते. घरात पदक असेल तर भिंगातून कड वाचा. घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात.

निवृत्त आणि जुन्या शिपायांचा एक मोठा गट दापोलीच्या छावणीत असायचा. तिथे मुंबई इलाख्याची व्हेटरन बटालियन होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यांनी दापोली हा शब्द जुन्या कागदांत मुद्दाम शोधावा.

पायरी ९ : शेवट शोधा, मग मागे या

सुरुवात सापडत नसेल तर मृत्यूकडून मागे जा. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं इंडिया ऑफिसच्या 'एन/३' या मालिकेत आहेत (बंगाल 'एन/१', मद्रास 'एन/२'). अधिकाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी मुंबईसाठी 'एल/मिल/१२' मध्ये. मृत्युपत्रंही सापडतात, आणि त्यात कधी कधी इथल्या स्त्रीचा आणि मुलांचा उल्लेख असतो, जो दुसऱ्या कुठल्याही कागदात नसतो. १७९६ पासून ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीवेतनाची सोय झाली, म्हणून त्यानंतरचा माणूस इथे वारलेला नसेल तर मायदेशी परतलेल्यांच्या नोंदी तपासा.

दफनभूमीत जाताना सकाळी लवकर जा. तिरपं ऊन असताना झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी तोच दगड कोरा वाटतो. खडूने किंवा चुन्याने अक्षरं भरू नका. साध्या पाण्याचा हलका फवारा मारून फोटो घ्या.

आणि घरातला कागद? दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागच्या बाजूवर कित्येकदा मोडीत शेरा असतो. घडी जिथे फाटायला आली आहे तिथे चिकटपट्टी लावू नका, आणि कोणीही कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करून घेऊ नका. मोडी वाचणारं माणूस गाठा, पण मूळ कागद हातातून सोडू नका; फोटो पाठवा.